कारखान्याच्या नेटवर्कवर रॅन्समवेअर आले तर काय करायचे

सकाळी टॅली उघडत नाही, शेअर फोल्डरमधल्या फाइलींच्या नावांना अनोळखी शेपूट लागलेले असते आणि जिकडेतिकडे पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल पडलेली असते. नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या वीस-तीस संगणकांच्या युनिटमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, बहुधा असेच लक्षात येते. पण हल्ला त्या रात्रीचा नसतो. चोर बरेचदा काही दिवस आधीच आत आलेला असतो. पासवर्ड गोळा करायचे, बॅकअप कुठे जातो ते बघायचे, अँटीव्हायरस बंद करायचा, विंडोजच्या शॅडो कॉपी (फाइलींच्या आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसायच्या आणि मग सुट्टीच्या रात्री फाइलींना कुलूप लावायचे, असा त्याचा क्रम असतो. त्यामुळे नुसता ‘व्हायरस काढून’ भागत नाही.

पहिला तास

आधी नेटवर्क तोडा. सर्व्हर आणि एनएएसची (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजची) केबल स्विचमधून काढा, मग बाकीच्यांची. वायफाय बंद करा, राउटरची बाहेरून येणारी लाइन काढा. शॉप फ्लोअरवरचा डीएनसी संगणकही (सीएनसी मशीनना प्रोग्रॅम पाठवणारा) वेगळा करा. प्रोग्रॅम कंट्रोलरच्या मेमरीत असेल तर सीएनसी मशीन चालूच राहते, उत्पादन थांबवायची घाई नको.

संगणक सरसकट बंद करू नका, कारण चालू प्रोग्रॅमचे पुरावे आणि काही वेळा लॉक उघडणाऱ्या किल्लीचे (डिजिटल कोडचे) अंशही रॅममध्येच असतात. मात्र एखाद्या संगणकावर फाइली डोळ्यांदेखत लॉक होत असतील, तर केबल काढून ते थांबणार नाही. तिथे पॉवरचे बटण दाबून धरा. पुरावा गेला तरी चालेल, डेटा वाचवा.

सर्वांत महागात पडते ती बॅकअपची यूएसबी डिस्क ‘लावून तर बघू’ म्हणून जोडणे. लॉक करणारा प्रोग्रॅम अजून चालू असेल तर तीही जाते. ती डिस्क कपाटात कुलूपबंद करा, किल्ली एकाकडेच ठेवा.

आणि हार्डवेअरवाल्याला बोलावून लगेच फॉरमॅट मारू नका. धमकीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या. ती चिठ्ठी आणि दोन-तीन लॉक झालेल्या फाइली नव्या पेन ड्राइव्हवर काढा. अँटीव्हायरसला ‘क्लीन’ करू देऊ नका, तो नेमका नमुनाच पुसतो. फायरवॉलचे लॉग उतरवून घ्या, सर्व्हरच्या डिस्कचा नव्या डिस्कवर क्लोन (जशीच्या तशी प्रत) करा. विंडोजचा सिक्युरिटी लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) मुळात फक्त २० एमबीचा असतो. पासवर्डचा भडिमार झाला असेल तर जुन्या नोंदी लवकर पुसल्या जातात, म्हणून तो आधी एक्स्पोर्ट करा. त्यात ४६२५ क्रमांकाच्या (फसलेल्या लॉगिनच्या) नोंदींची रांग आणि तिच्यापाठोपाठ लॉगऑन टाइप १० असलेली ४६२४ (यशस्वी लॉगिन) दिसली, तर चोर रिमोट डेस्कटॉपमधून, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजच्या सोयीतून, आला असे समजा. ११०२ दिसली तर लॉग मुद्दाम पुसलेला आहे.

कळवायचे कुणाला

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. माहिती अर्धवट असली तरी कळवा, उरलेली मागून देता येते. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक केले आहे.

सातपूर-अंबडच्या युनिटने नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जावे. सिन्नर, दिंडोरी, गोंदेवाल्यांनी ग्रामीण पोलिसांच्या सायबर ठाण्यात. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैसे वळते झालेल्या फसवणुकीसाठी आहे. नुसत्या फाइली लॉक असतील तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत जपा. सायबर विमा असेल तर बाहेरचा तज्ज्ञ ठरवण्याआधी विमा कंपनीला कळवा, नाहीतर दाव्यात अडचण येते.

पैसे द्यायचे का?

आमचे उत्तर ‘नाही’. पैसे देऊन मिळालेले लॉक उघडायचे टूल मोठ्या डेटाबेस फाइली अनेकदा बिघडवते, आणि चोराने डेटा आधीच बाहेर नेला असेल तर तो पुसल्याचा पुरावा कधीच मिळत नाही. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ म्हणणाऱ्यांपासूनही जपा. त्यातले काही जण गुपचूप चोरालाच पैसे देतात आणि वर आपला नफा लावतात.

नो मोअर रॅन्सम या मोफत संकेतस्थळावर चिठ्ठी आणि लॉक झालेली फाइल टाकून प्रकार ओळखता येतो. आज किल्ली नसली तरी लॉक फाइली जपून ठेवा. फोबॉस आणि ८बेस या रॅन्समवेअरसाठी जपानी पोलिसांनी २०२५ मध्ये मोफत टूल काढले, तेव्हा ज्यांनी फाइली ठेवल्या होत्या त्यांनाच त्याचा उपयोग होता. शिवाय कित्येक प्रकार वेळ वाचवायला मोठ्या फाइलीचे काही तुकडेच लॉक करतात. एसक्यूएल डेटाबेसमधून त्यामुळे बराच मजकूर निघू शकतो.

काम पुन्हा चालू करताना

ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवरच होतात, तेव्हा स्वच्छ लॅपटॉप आणि मोबाइल हॉटस्पॉटवर डिस्पॅच त्याच दिवशी सुरू करता येतो. हिशेबाचा बॅकअप पूर्णच गेला असेल तर विक्री जीएसटीआर-१ मधून, खरेदी जीएसटीआर-२बी मधून आणि पैशांची हालचाल बँक स्टेटमेंटवरून पुन्हा बसवता येते. अकाउंटंटला यात जीव नकोसा होईल, पण होते. स्टॉक मात्र मोजावाच लागतो.

सर्व्हरवर विंडोज नव्याने टाका. जुन्या बॅकअपमधून फक्त डेटा घ्या, पूर्ण सिस्टिम इमेज नको, कारण चोराचे हत्यार त्या इमेजमध्येही बसलेले असू शकते. नेटवर्क जोडण्याआधी सगळे पासवर्ड बदला, राउटर, एनएएस आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचेसुद्धा. विंडोजचे डोमेन (सगळी लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) असेल तर त्यातल्या केआरबीटीजीटी या अंतर्गत खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, मध्ये किमान दहा तास सोडून. अनोळखी अ‍ॅडमिन खाती आणि रिमोट कंट्रोलची सॉफ्टवेअर शोधून काढून टाका.

आमच्या मते पहिला संशय नेहमी राउटरवर घ्यावा. सीएला घरून टॅली दिसावी म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट उघडलेले असते आणि पोर्टचा क्रमांक बदलून काही उपयोग होत नाही, स्कॅनरला तोही सापडतो. व्हीपीएन (इंटरनेटवरचा सुरक्षित खाजगी मार्ग) आणि दुहेरी पडताळणीशिवाय बाहेरून प्रवेश देऊच नका. एसएमबी-१ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत बंद करा. २०१७ चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर त्याच्यातल्याच दोषातून पसरला आणि त्याचा पॅच दोन महिने आधी आलेला होता. ज्या मशीनचे जुने विंडोज अपडेट होत नाही, त्याला वेगळे व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) द्या.

बॅकअपसाठी दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक कायम काढलेली आणि युनिटच्या बाहेर. बॅकअपचे खाते रोजच्या लॉगिनपेक्षा वेगळे ठेवा. क्लाउडवरची प्रत असली तरी वेळेचा हिशेब करा: १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी उतरायला अगदी पूर्ण वेगानेही बावीस तास लागतात. तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या संगणकावर टॅलीची कंपनी रिस्टोअर करून उघडा आणि कालच्या तारखेचे शेवटचे व्हाउचर दिसते का ते पाहा.