घोट्याला दिलेला कोन गुडघ्यात दिसतो

ऑर्थोटिक्सच्या, म्हणजे ब्रेस बनवण्याच्या इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात मी एका काकूंना सॉलिड एएफओ दिला, म्हणजे घोटा आणि पाऊल एकाच कोनात धरून ठेवणारा, न वाकणारा ब्रेस. अर्धांगवायूनंतर त्यांचं उजवं पाऊल लोंबत होतं, पोटरी ताठ होती आणि भार घेतला की गुडघा मागे जायचा. मी घोटा ९० अंशांत धरला, ट्रिमलाइन, म्हणजे ब्रेसची कापलेली कड, घोट्याच्या हाडांच्या पुढे ठेवली आणि बूट घालून पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरायच्या दोन दांड्यांमध्ये चालवलं. गुडघा मागे जायचा थांबला. सरांनी फाइलवर सही केली, मी खुशीत घरी गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन आला. स्वयंपाकघरात काकू ओट्याला धरून चालताहेत. पायात ब्रेस आहे, बूट नाही. प्रत्येक पावलाला गुडघा झटक्याने मागे जाऊन धनुष्यासारखा वळतोय. त्याच दिवशी ब्रेस पलंगाखाली गेला होता, कारण गुडघ्यामागे दुखायला लागलं होतं. तो व्हिडिओ मी रात्री कितीदा पाहिला कोण जाणे.

चूक ९० अंशांत नव्हती. चूक ही की मी फक्त घोट्याचा कोन मोजला, नडगी जमिनीशी कुठे उभी आहे ते पाहिलंच नाही. काकूंच्या बुटाची टाच चवड्याखालच्या सोलपेक्षा २० मिलिमीटर उंच होती. टाच ते चवडा साधारण १७० मिलिमीटर धरा. म्हणजे बुटामुळे नडगी सहा-सात अंश पुढे झुकत होती. ब्रेस तोच, कोन तोच, पण बूट काढला की नडगी सरळ उभी. मग धड पुढे सरकतं तशी भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते आणि गुडघ्याला मागे ढकलते. आपल्याकडे बूट दाराबाहेर राहतात, आणि काकूंचं तर देवघरही स्वयंपाकघरात. दिवसाचे आठ-दहा तास त्या ज्या अवस्थेत चालणार होत्या, ती मी एकदाही तपासली नव्हती.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: घरात पायात काय घालता? बाथरूमला जाताना? शेतात? नंतर ब्रेसच्या बाजूला मार्करने नडगीची रेषा ओढा, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि बाजूने व्हिडिओ घ्या. बुटासकट एक, बुटाशिवाय एक. त्यासाठी महागडं ॲप लागत नाही. पाऊल पूर्ण टेकलेलं असताना नडगी १० ते १२ अंश पुढे, इथून सुरुवात करा आणि गुडघा काय सांगतो त्याप्रमाणे बदला.

काकूंसाठी उपाय वर्कशॉपमधल्या टेक्निशियन काकांनी सुचवला. माझं मत विचाराल तर फाइलवर सही करणाऱ्यापेक्षा ग्राइंडरपाशी उभा राहणारा माणूस गुरू म्हणून धरा. त्यांनी एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची पाचर ब्रेसच्याच तळाला चिकटवली, खाली न घसरणारं रबर लावलं आणि बाहेरसाठी सपाट तळाचा कॅनव्हासचा बूट घ्यायला सांगितलं. आता घरात आणि बाहेर नडगीचा कोन एकच. २० मिलिमीटर लागलेच नाहीत, १२ वर गुडघा शांत झाला. डाव्या पायाची उंची कमी पडू नये म्हणून त्यात घरापुरती जाड तळाची कापडी सपाता.

तुम्हीही ब्रेस बनवायला शिकत असाल तर एएफओचे बाकीचे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, पण त्यांच्याकडेही गुडघ्याच्या बाजूने बघा. पोस्टेरियर लीफ स्प्रिंग, म्हणजे मागे लवचीक पट्टी असलेला एएफओ, पाऊल उचलतो, गुडघा सांभाळणं त्याचं काम नाही. बिजागरीचा, प्लँटरफ्लेक्शन स्टॉप (पाऊल खाली झुकू न देणारा अडसर) असलेला एएफओ मागे जाणाऱ्या गुडघ्याला चांगला. पण पोटरी कमजोर असलेल्या, गुडघे वाकवून चालणाऱ्या मुलाला दिलात तर नडगी पुढे पडत राहते आणि मूल गुडघ्यात आणखी वाकतं. तिथे नडगीला पुढून आधार देणारा फ्लोअर रिॲक्शन एएफओ लागतो, आणि तोही गुडघा सरळ होत असेल तरच. गुडघ्यात १५ अंशांची आखडण असेल तर प्लास्टर भिजवूच नका. कास्ट, म्हणजे पायाचा प्लास्टरचा साचा घेताना पोटरीची लांबी गुडघा सरळ ठेवून तपासा. बसवून, गुडघा वाकवून मिळालेले ९० अंश उभं राहिल्यावर मिळतीलच असं नाही.

आणि पोलिओ. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, पण लहानपणी पोलिओ झालेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत ओपीडीत येतात. मांडीवर हात टेकून चालणाऱ्या माणसाची खाली झुकलेला चवडा बघून तो 'सुधारायला' जाऊ नका. मांडीच्या स्नायूत जोर नसताना त्याच चवड्यावर त्याचा गुडघा लॉक होतो. पाऊल ९० अंशांवर आणलंत तर तो माणूस तुमच्यासमोर कोसळेल. कडक ब्रेस द्यावाच लागला तर टाचेखाली मऊ कुशन द्या, नाहीतर टाच टेकताच नडगी पुढे फेकली जाते.

दुकानात मिळणारे स्मॉल-मीडियम-लार्ज ब्रेस मला अजिबात पटत नाहीत. पाय लोंबण्यापलीकडे काही तक्रार असेल तर ते देऊ नका, पेशंट कितीही घाईत असला तरी.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. पहिल्या दहा ब्रेसमधले तीन-चार माझ्याकडे दुरुस्तीला परत आले होते. परत आलेला ब्रेस सुधारता येतो. तुम्हाला न सांगता पलंगाखाली गेलेल्याचं काहीच करता येत नाही. म्हणून पेशंटला तुमचा नंबर द्या आणि पंधराव्या दिवशी स्वतः फोन करा.

मागच्या महिन्यात काकूंचा मुलगा वेल्क्रो बदलायला आला. तळाचं रबर झिजलं होतं, म्हणजे ब्रेस रोज पायात होता. पण झीज सगळी बाहेरच्या कडेला आहे; पाऊल आत वळतंय. मंगळवारी काकूंना बोलावलंय, येताना घरातली सपाता आणि बूट दोन्ही आणायला सांगितलंय.