जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये कूलंट गळतंय? डॅशबोर्ड उघडण्याआधीची तयारी

मॅट ओली लागली की संशय हीटर कोरवर, म्हणजे गरम कूलंटने केबिन तापवणाऱ्या डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरवर जातो, आणि हात आधी पान्यांच्या पेटीकडे. तो थांबवा आणि एक पांढरा टिश्यू घ्या. डॅशबोर्डच्या खाली, ब्लोअरच्या (हवा फुंकणाऱ्या पंख्याच्या) बाजूला कार्पेटवर तो नीट दाबा आणि उजेडात धरा. हिरवी, केशरी किंवा गुलाबी छटा उतरली, बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. बिनवासाचं स्वच्छ पाणी असेल आणि एसी चालवल्यावरच येत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. पावसानंतरच ओल दिसत असेल, तर काचेच्या खालच्या जाळीत अडकलेला पाचोळा काढा. चाखून मात्र कधीही बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

कूलंटच आहे असं वाटलं, तरी आणखी दोन खुणा जुळतात का ते पाहा. समोरच्या काचेला आतून तेलकट थर येतो, कोरड्या फडक्याने पुसला तर तो नुसता पसरतो. हीटर लावला की काच जास्तच धूसर होते. दुसरी खूण म्हणजे गाडीखाली थेंब नाही, तरी कूलंटच्या टाकीतली पातळी उतरते. पण पातळी उतरतेय, कार्पेट कोरडं आहे आणि गरम इंजिनातही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर संशय इंजिनच्या दोन मुख्य भागांमधल्या सीलवर, म्हणजे हेड गॅस्केटवर घ्यायचा. त्याची तयारी निराळी.

आता प्रेशर टेस्टर मिळवा, म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, दाबाचा काटा असलेला हातपंप. विकत घ्यायची गरज नाही, कोणाकडून तरी मागून आणा, पण त्याच्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू नका. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि त्यावरचा दाबाचा आकडा वाचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो १३ ते १६ पीएसआयच्या आसपास असतो. तेवढाच दाब भरा, त्यापुढे एकही पंप मारू नका, आणि १५-२० मिनिटं काटा बघत थांबा. काटा उतरायला लागला की टॉर्च घेऊन हीटरच्या दोन होज पाईपपासून शोध सुरू करा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून ते जिथे आत जातात, तिथली क्लिप आणि पाईपचं टोक बोटाने चाचपा. काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्हही केबिनच्या आत असतो, तोही तपासा.

हे एवढं सांगतोय, कारण मी एकदा हे टाळलं होतं. दोन दिवस खपून हीटर कोर बदलला आणि तिसऱ्या दिवशी मॅट पुन्हा ओली. काढलेला जुना कोर बादलीत बुडवून हवा भरली, तर एकही बुडबुडा आला नाही. गळत होती क्लिप. थेंब पाईपवरून ओघळत आत येत होता.

कोरच फुटला आहे हे पक्कं झालं आणि सामान यायला वेळ आहे, तर इंजिनच्या बाजूने दोन्ही होज एका जोडनळीने एकमेकांना जोडून कोर वगळता येतो. आधी मॅन्युअलमध्ये कूलंटचा मार्ग बघून घ्या. हीटर मिळणार नाही आणि काचेवरचं धुकंही जाणार नाही, म्हणून थंडीत हा उपाय नको. गळती बुजवणारी पावडर तर मी कोणालाच सुचवणार नाही. ती भोक बुजवते आणि बारीक नळ्याही तुंबवते.

सामान गोळा करताना नवा कोर जुन्याशी जुळवून बघा, विशेषतः नळ्यांचा व्यास आणि वळण. सोबत दोन नवे होज, नव्या क्लिपा, रेडिएटरचं नवं झाकण आणि कोरभोवती लावायची फोमची पट्टी आणा. कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच घ्या, रंगावर जाऊ नका, रंग हा फक्त रंगच असतो. डिस्टिल्ड वॉटरही लागेल, कारण साधारण निम्मं-निम्मं मिश्रण करायचं असतं. झाकणाची बादली हवीच. उघड्यावर राहिलेलं कूलंट मांजर-कुत्र्याने चाटलं तर जीव जाऊ शकतो, थोडंसंही पुरतं.

स्क्रूंसाठी पिशव्या, मार्कर, मास्किंग टेप आणि फोनचा कॅमेरा जवळ ठेवा, प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी फोटो घ्या. एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा वेळ थांबा. एसीच्या नळ्या उघडाव्या लागणार असतील, तर गॅस आधी जाणकाराकडून काढून घ्या.

होज ओढून किंवा पिळून काढू नका. वर्षानुवर्षं चिकटलेला असतो आणि कोरची नळी पातळ असते. नवे होज आणलेच आहेत, तर जुना ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा आणि सालीसारखा सोलून काढा. नवा कोर बसवण्याआधी जुनं गाळाचं पाणी स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, नाहीतर नवा कोरही त्याच गंजाने भरेल.

कूलंट भरताना गाडीचं नाक थोडं वर ठेवा, चाकांना आडकं लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हळू ओता. हवा अडकली की हीटर गार फुंकतो. त्यानंतर, डॅशबोर्ड बंद करण्याआधी, पुन्हा एकदा दाब भरून १५-२० मिनिटं काटा बघा.

कार्पेट वरून वाळवून भागत नाही. खालचं जाड अस्तर स्पंजासारखं भिजलेलं असतं आणि ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही. सीट काढा, अस्तर उचला, पाण्याने धुऊन बाहेर उन्हात ठेवा, आणि खालचा पत्रा गंजला असेल तर तो आत्ताच घासून रंगवून घ्या. इतका मोकळा तो पुन्हा मिळणार नाही. पुढचे आठ दिवस रोज सकाळी गार इंजिनावर टाकीची पातळी बघा आणि डॅशबोर्डखाली एक कोरडा टिश्यू ठेवून द्या.