कारखान्याच्या ऑफिसात ओपन सोर्स न्यायचं असेल तर

ओपन सोर्स म्हणजे कुणीही फुकट वापरू आणि सुधारू शकेल असे खुले प्रोग्राम; लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी तशीच सिस्टिम. कारखान्याच्या ऑफिसात गेल्यावर पहिल्या दिवशी लिनक्सचं नाव काढू नका. कारकुनाशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि त्याचं काम बघा. टॅली, जीएसटीचं पोर्टल, एक्सेलमधली पगाराची यादी, व्हॉट्सॲपवर आलेले ऑर्डरचे फोटो, प्रिंट. बहुतेक ठिकाणी एवढंच निघतं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सोलापुरात पूर्व भागात आहे. टॉवेल-चादरीचे कारखानदार, डीटीपीवाले, क्लासवाले हेच माझं गिऱ्हाईक. त्यांना पटतं ते काम बघून, भाषणानं नाही.

काय हलवायचं नाही, ते आधी ठरवा. टॅलीचं मशीन विंडोजवरच राहू द्या. टेंडरला डिजिटल सही लावतात ते मशीनही सोडा. मालकांना हे स्पष्ट सांगा. ‘सगळं होतं’ असं म्हणून गेलात आणि एक बिल अडकलं, तर त्या गल्लीत पुन्हा कुणी ऐकून घेत नाही. मार्चअखेरीला तर जाऊच नका.

मालक विचारणार, ‘फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच की!’ त्यांना सांगा, लिनक्स १९९१ पासून चालू आहे. मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसं लावून ते सुधारतात, कारण त्यांचे स्वतःचे सर्व्हर त्यावर चालतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. पण माझा खरा मुद्दा वेगळा असतो. माग कुणीही बनवलेला असो, नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या डिझाईनची कार्डं मालकांच्याच कपाटात राहतात. तुमच्या फायलींवर तसाच तुमचा ताबा हवा. हे कारखानदाराला लगेच कळतं.

मग आहे त्या विंडोजवरच लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (इंटरनेटला) आणि व्हीएलसी (व्हिडिओला) हे ओपन सोर्स प्रोग्राम टाका. सीएकडे एक्सेल फाईल जाते, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन स्प्रेडशीट कायम एक्सएलएसएक्समध्ये, म्हणजे एक्सेलच्याच फाईलमध्ये, सेव्ह होईल असं करून द्या. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेली शीट आधी उघडून तपासा, तिथे अडचण येते. महिनाभर हात बसू द्या. कारकुनाला प्रोग्राम ओळखीचे झाले की खालची सिस्टिम बदलल्याचं दडपण उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मराठी टायपिंगला द्या. जुन्या फाँटमधली पत्रं दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासल्याशिवाय मूळ फाईल पुसू नका. नव्या कामाला ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फाँट घ्या; दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. कीबोर्ड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कळांची ठरलेली मांडणी) शिकवा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तो तसाच मिळतो. आणि आपल्या गावात त्याचा मोठा फायदा आहे: मराठीत ‘क’ ज्या कळीवर, तेलुगू आणि कन्नडमध्येही त्याच कळीवर. पूर्व भागात पत्रिका मराठीत लागते तशी तेलुगूतही लागते. एकदा बोटं बसली की ऑपरेटर दोन्ही भाषांत काम घेतो. कोरल या डिझाईनच्या प्रोग्रामच्या जुन्या फायली मात्र त्याच कामाच्या ओपन सोर्स इंकस्केपमध्ये जशाच्या तशा उघडत नाहीत, मजकूर हलतो. डीटीपीवाल्याला नवं काम इंकस्केपमध्ये करायला सांगा, जुनं राहू द्या.

आता सिस्टिम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशीनं भंगारात काढायला निघतात. ती तुम्ही मागून घ्या. लिनक्स मिंटचा एक्सएफसीई हा हलका प्रकार पेनड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉल न करता चालू करा आणि मालकांसमोरच प्रिंटर, स्कॅनर, वायफाय तपासा. काही स्वस्त लेझर प्रिंटर फक्त कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात, तेवढे इथेच कळतात. सगळं चाललं तर ४ जीबी रॅम आणि एक एसएसडी एवढ्यावर ऑफिसचं काम निघतं.

क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्स न घेता चोरून वापरलेली विंडोज असेल तिथे मी लिनक्सचा आग्रहच धरतो. व्हायरस बऱ्याचदा त्या क्रॅकमधूनच शिरतो, आणि पगाराची यादी गेली की हाल कामगारांचे होतात.

पहिला आठवडा रोज फोन करा. कारकून विचारेल ते साधंच असतं: पेनड्राइव्ह कुठे दिसतो, पीडीएफ कशी करायची. उत्तरं मराठीत एका कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका; तिच्यावर तारीख टाका आणि मालकांच्या हातात द्या. काही राहिलं असेल तर तिच्यातून काढता येतं.