भाचीची क्वाड आणि माझा दीड इंच फोम

ठाणे पूर्वेला, कोपरीत माझं सीटचं दुकान आहे. रिक्षा, स्कूटर, मोटारसायकल, जे येईल त्याची सीट उसवायची, फोम बदलायचा, रेक्झीन ताणून ठोकायचं. पंचवीस वर्षं हेच करतोय. दिवाळीनंतर एका रविवारी आमचे दाजी छोटा हत्ती टेम्पोत एक क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि चार फुगीर टायर असलेली गाडी, घालून दुकानासमोर हजर. ५० सीसीची, सेकंडहँड, लाल, पुढचा मडगार्ड तारेनं बांधलेला. माझी भाची सई, वय ७, ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न दाबतेय.

‘हिला सीट टोचते म्हणे. जरा मऊ करून द्या,’ दाजी म्हणाले.

मी विचार न करता दीड इंच मऊ फोम वर चढवला, चकचकीत रेक्झीन मारलं, पांढरी पाइपिंग दिली. सई खूश. पुढच्या रविवारी मुरबाडकडच्या त्यांच्या शेतावर पहिल्याच वळणाला ती सीटवरून घसरून बाजूला पडली. वेग माणसाच्या चालीइतकाच होता म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

गाडी परत दुकानात आणली, सईला वर बसवलं आणि मी खाली उकिडवा बसून तिचे पाय पाहिले. टाचा हवेत. नुसते चवडे पायटेकणीला लागत होते. सीट टोचत होती ती कडक होती म्हणून नाही. पाय टेकत नाहीत म्हटल्यावर अंगाचा सगळा भार बुडावरच येणार. आणि मी शहाण्यानं तिला आणखी दीड इंच वर उचलून ठेवलं होतं. तेव्हा पोराला क्वाडवर आरामात बसवायचं असेल तर सुरुवात पायांपासून करा, सीट शेवटी.

त्याआधी वयाचं. कंपन्या सगळ्यात लहान मॉडेलवर ‘६ वर्षं आणि पुढे’ असं लिहितात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र १६ वर्षांखालच्या मुलांनी क्वाड चालवूच नये म्हणते. दोन्ही गोष्टी मी ताईसमोर ठेवल्या. तिनं अटी घातल्या: मोठं माणूस हाताच्या अंतरावर, स्वतःच्या जमिनीवर, आणि पोरगी नको म्हणाली की त्याच क्षणी बंद. अटी मान्य नसत्या तर गाडी विकायला मीच गिऱ्हाईक बघून दिलं असतं. पोर सहाच्या आतलं असेल, किंवा ‘थांब’ म्हटल्यावर थांबत नसेल, तर इथून पुढचं वाचूच नका.

आता माप. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर. पोराला दोन्ही पायटेकण्यांवर उभं करा, पायांत बूट असू द्या. सीट आणि बूड यांच्यात ३ ते ६ इंच जागा दिसली पाहिजे. त्याहून कमी असेल तर खड्ड्यात गाडी उसळली की सीट खालून मारते. जास्त असेल तर पोराला गाडी लहान पडतेय. मग बसायला सांगा. मांडी साधारण जमिनीला समांतर, टाच पूर्ण टेकलेली. सईच्या पायाखाली मी मोजपट्टी धरली तर चवडा टेकूनही टाच सव्वा इंच वर.

मी काय केलं? माझाच फोम उपसला. खालचा मूळ फोमही ब्लेडनं पाऊण इंच तासला, आणि सीटच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडा उतरत्या केल्या. हे महत्त्वाचं. लहान मुलाच्या मांड्या रुंद सीटवर फाकतात आणि तिथेच पायांची लांबी वाया जाते. पुढून निमुळती केली की तेच पाय इंचभर खाली पोहोचतात. फोम दाट घ्यायचा, अंगठ्यानं दाबला तर हळूहळू परत येणारा. भसकन खाली जाणारा नको. त्यात पोर रुततं आणि वळणावर अंग हलवता येत नाही. वर मॅट, खरबरीत रेक्झीन. पहिल्या वेळी माझं चुकलं ते तिथंही, चकचकीत रेक्झीनवर शाळेच्या पँटीत पोर साबणासारखं सरकतं. मांडीखाली शिलाई येऊ देऊ नका. एक तर ती रुतते, दुसरं म्हणजे पावसात टाक्यांतून पाणी आत जातं आणि फोमचा स्पंज होतो. पायटेकणीवर जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती खरबरीत पट्टी चिकटवली, पन्नासेक रुपयांत काम झालं.

पाय झाले, आता हात. बसल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवा, उजवीकडे पूर्ण वळवा. बाहेरचा हात ताणून खांदा पुढे ओढला जात असेल, किंवा आतलं हँडल गुडघ्याला लागत असेल, तर बसायची जागा चुकलीय. बऱ्याच छोट्या क्वाडना हँडलचा क्लॅम्प सैल करून ते मागे झुकवता येतं. आम्ही दोन बोटं मागे घेतलं. बोल्ट परत घट्ट करायला विसरू नका, सायकलवाल्यांच्या दुकानात असं विसरलेलं हँडल घेऊन आलेले मी पाहिलेत.

ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं नीट पोहोचतात का ते बघा. मूठ हँडलवर ठेवून बोटं सरळ केली की मधल्या बोटाचं पहिलं पेर दांडीच्या पुढे गेलं पाहिजे. सईचं नखच पोहोचत होतं. दांडीच्या बुडाशी बारका स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी जवळ येते. सगळ्या गाड्यांना नसतो. नसेल तर गॅरेजवाल्याकडून दांडी जवळ आणून घ्या.

आणि अंगठा. मोटारसायकलसारखा मूठ पिळायचा अॅक्सिलरेटर इथे नसतो. उजव्या अंगठ्यानं दाबायची चपटी कळ असते. सात वर्षांच्या पोराचा अंगठा तो केवढा! पाच मिनिटांत दुखतो. कळ जरा खाली झुकवून बसवली की अंगठा नैसर्गिक कोनात येतो. हातमोजे पातळ द्या. जाड मोज्यांनी मूठ आणखी जाड होते, मग पकड आवळावी लागते आणि हाताला मुंग्या येतात.

याच कळीच्या डबीवर एक स्क्रू असतो, तो जेवढा आत फिरवाल तेवढी कळ कमी दाबली जाते. म्हणजे वेगावर लगाम. आम्ही तो इतका आत घेतला की मी भरभर चालत शेजारी राहू शकतो. दाजींना ते कासव वाटलं. त्यांना म्हटलं, तुम्ही बसा ना मग. (ते खरंच बसले. गुडघे कानाला लागले आणि ताईनं फोटो काढला.) सई आपणहून नीट थांबायला लागली की अर्धा फेरा सैल करायचा, तोही मीच.

टायरचा विषय छोटा, पण सीटहून जास्त आराम तिथं असतो. क्वाडच्या फुगीर टायरमध्ये हवा फार कमी असते, किती ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. पंपावर स्कूटरसारखी टम्म भरून घेतली की गाडी चेंडूसारखी उडते आणि पोर म्हणतं सीट टोचते. कमी दाबाचं वेगळं गेज घ्या, पंपावरचा काटा एवढ्या खाली धड दाखवत नाही. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली असतात, एक टायर कमी फुगलेला असला तर गाडी सारखी एका अंगाला ओढते.

त्याच दांड्यामुळे ही गाडी वळायला हट्टी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही चाकं बरोबरच फिरतात, म्हणून ती सरळच जाऊ बघते. वळणाआधी वेग कमी, अंग वळणाच्या आतल्या बाजूला. सईला मी सांगितलं, ‘रिक्षात वळणावर तू बाहेर कलतेस ना? इथं उलटं, आत.’ बंद गाडी ढकलत वीस-पंचवीस वेळा हेच केलं.

खरं तर सीट नीट केल्यानंतरचा पहिला अख्खा रविवार इंजिन बंदच होतं. मी मागून ढकलायचं, तिनं ब्रेक मारायचा. ढकल, ब्रेक. माझी कंबर गेली, पण ब्रेक तिच्या हातात बसला. दुसऱ्या रविवारी इंजिन चालू. मागे लोंबणारी दोरी ओढली की इंजिन बंद होणारा स्विच या गाडीला आहे. दोरीचं टोक माझ्या मनगटाला. तुमच्या गाडीला नसेल तर आधी तो बसवून घ्या, मग चावी द्या.

एक शब्द ठरवून घ्या. ‘ब्रेक! ब्रेक!’ ओरडलं की घाबरलेलं पोर सगळी मूठ आवळतं, मुठीबरोबर अंगठाही दाबला जातो आणि गाडी पुढे झेपावते. आमचा शब्द ‘अंगठा’. तो ऐकला की सईनं उजवा अंगठा वर करायचा, अगदी शाब्बास म्हणतात तसा. गाडी आपोआप मंदावते, मग ब्रेक. घरी जेवतानाही मी मध्येच ‘अंगठा!’ म्हणायचो आणि ती वरणभाताचा अंगठा वर करायची.

दुसरी सवय मोडावी लागली ती सायकलची. तोल गेलासा वाटला की मुलं पाय खाली टाकतात. क्वाडवर खाली टाकलेला पाय मागच्या चाकाखाली जातो. पाय टेकणीवरच, काही झालं तरी. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि फुल पँट. इंजिनाचा पाइप पोटरीजवळून जातो, चटका बसला की पोर महिनाभर गाडीकडे बघत नाही.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, हनुवटी झाकणारं, मुलांच्याच मापाचं. भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती शिंप्याची टेप फिरवा आणि ते माप घेऊन दुकानात जा. पट्ट्याखाली दोन बोटं शिरतील इतकंच सैल. मोठ्यांचं हेल्मेट घातलं तर मान दुखते आणि दोष पुन्हा सीटला.

जागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको: खांब, गाड्या, संध्याकाळी फिरणारे आजी-आजोबा. रस्त्यावर तर नाहीच. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. आम्ही भात कापून झालेलं, सुकलेलं सपाट खाचर निवडलं. त्यातही धसकटं आधी झोडपून घेतली आणि बांधापासून वीस पावलं आत चुन्यानं गोल आखला. बांधावर चाक चढलं की क्वाड उलटते आणि पोर खाली सापडतं. चढ-उतार तर आणखी दोन वर्षं नाही.

वेळ सकाळी नऊच्या आत, एका वेळी पंधरा मिनिटं. मग पाणी, हेल्मेट काढून घाम पुसणं, एखादी चिक्की. तिसऱ्या खेपेला तिनं आपणहून थांबून सांगितलं, ‘मामा, अंगठा दमला.’ लगेच बंद केली. सीट टोचते हे मात्र त्यानंतर एकदाही ऐकलं नाही.

काढलेला दीड इंच फोम दुकानातल्या स्टुलावर ठोकलाय, पांढऱ्या पाइपिंगसकट. सई आली की त्यावरच चढून बसते, पाय हवेत हलवत. स्टुलावर चालतं तसं.