मित्रांच्या परदेशातल्या घरी स्लोव्हाक जेवण: हलुश्की, कपुस्तनित्सा आणि लोक्शे

स्लोव्हाकियातून बाहेर स्थायिक झालेलं कुटुंब असो, की ब्रातिस्लाव्हात राहणारं परदेशी कुटुंब असो, दुसऱ्या देशातल्या मित्रांकडे चार दिवस राहायला गेलं की "एकदा तुमच्याकडचं काहीतरी खाऊ घाला" ही फर्माईश ठरलेली. बेत ठरवताना आपल्याला काय आवडतं यापेक्षा परक्या स्वयंपाकघरात काय निभावेल हे आधी पाहावं. भांडी आपली नसतात, शेगडीचा अंदाज नसतो आणि बाजारात ओळखीचं पीठ मिळेलच असं नाही.

तीन पदार्थ पुरेसे आहेत. हलुश्की म्हणजे कच्च्या बटाट्याच्या पिठाचे उकडलेले छोटे गोळे, मेंढीच्या दुधाच्या ब्रिंड्झा चीजमध्ये घोळवलेले. ते पातेल्यातून थेट ताटात गेले पाहिजेत. कपुस्तनित्सा हे आंबवलेल्या कोबीचं सूप, उलट एक रात्र मुरलं की चांगलं लागतं. लोक्शे ही उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी, तिखट-गोड दोन्हीकडे चालते. हलुश्की आणि कपुस्तनित्सा एकाच जेवणात ठेवू नका. दोन्ही जड, आणि दुसरा पदार्थ येईपर्यंत पाहुण्यांची भूक मेलेली असते. पहिल्या दुपारी हलुश्की करा, त्याच संध्याकाळी कपुस्तनित्सा शिजवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाढा. स्लोव्हाकियात मुख्य जेवण दुपारचंच असतं. रात्री उशिरा हलुश्की वाढले तर झोपेचं खोबरं होतं.

सामानात काय न्यायचं

आधी नियम. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात घरच्या खाण्यापुरतं चीज आणि मांस नेता येतं. ब्रिटनचं तसं नाही. मार्च २०२५ मध्ये स्लोव्हाकियात जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत आढळला आणि १२ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने संपूर्ण युरोपीय संघातून प्रवाशांनी मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यावर बंदी घातली. सीलबंद पाकीटही त्यातून सुटत नाही. असे नियम साथीप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या देशाचं सरकारी पान बघाच. खसखशीचंही तेच: संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरला ती नेणं हा गुन्हा आहे, तिथे जाताना लोक्शेचं सारण बदला.

ब्रिंड्झा नेता येत असेल तर चेक-इन सामानात, थंड जेल-पॅकसोबत. मऊ चीज सुरक्षा तपासणीत द्रवात मोजलं जातं आणि १०० मिलीच्या वर असलं तर हातातल्या बॅगेतून बहुतेक विमानतळांवर काढून घेतात. पाकिटावर कच्चं की पाश्चराइज्ड दूध ते वाचा. यजमानांच्या घरात कोणी गरोदर असेल तर पाश्चराइज्डच हवं.

बाकीची यादी छोटी आहे: हलुश्कार, म्हणजे सात-आठ मिलिमीटर भोकांची धातूची चाळणी, वाळवलेल्या रानमशरूमची पुडी, गोड पाप्रिका, म्हणजे तिखट नसलेली लाल मिरचीपूड, आणि मार्जोराम, म्हणजे एका सुगंधी वनस्पतीची वाळलेली पानं. कोबी, सॉसेज, ताक यांचं ओझं वाहू नका. युरोपातल्या बहुतेक मोठ्या शहरांत पोलिश दुकान असतं आणि तिथे हे सगळं मिळतं.

हलुश्की, चौघांसाठी

बटाटे १ किलो, पीठ ३५० ग्रॅम, एक अंडं, मीठ दीड छोटा चमचा. वरून ब्रिंड्झा २५० ग्रॅम आणि स्लानिना, म्हणजे धुरी दिलेली डुकराची चरबी, २०० ग्रॅम. अंडं सगळेच घालत नाहीत. पण बटाट्याची जात माहीत नसेल तर घालावं, पीठ धरून ठेवायला मदत होते.

बटाटे जुने आणि पिठूळ हवेत. नवे बटाटे पाणी सोडतात, ते शोषायला जास्त पीठ लागतं, आणि हलुश्की रबरासारखे होतात. बटाटा चिरून दोन फाका एकमेकींवर घासल्यावर पांढरा चिकट स्टार्च सुटला तर तो चालेल. स्लोव्हाकियात हलुश्कींसाठी पोलोह्रुबा, म्हणजे मध्यम दळलेलं गव्हाचं पीठ वापरतात. बाहेर ते मिळत नसल्यास साधा मैदा २५० ग्रॅम आणि बारीक रवा १०० ग्रॅम घ्या. नुसत्या मैद्याचे हलुश्की बाहेरून बुळबुळीत होतात.

आता क्रम. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. बटाट्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

ब्रिंड्झा तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. स्लानिनाचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे थंड पॅनमध्ये घालून मंद आचेवर ठेवा. दहा-बारा मिनिटांत चरबी सुटते आणि तुकडे कुरकुरीत होतात. गरम पॅनमध्ये टाकले तर बाहेरून करपतात, आत चरबी तशीच राहते. स्लानिना नसेल तर जाड कापाचं धुरी दिलेलं बेकन किंवा पॅन्चेटा घ्या. पाकिटातल्या पातळ बेकनमध्ये बरेचदा पाणी भरलेलं असतं, ते तळत नाही, उकडतं. मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाणी खळखळायला ठेवा आणि लिटरमागे सपाट छोटा चमचा मीठ घाला.

पाणी उकळायला लागलं की बटाटे सोलून किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसा. फूड प्रोसेसरही चालतो, पण अगदी लगदा व्हायला हवा; जाड कीस आत कच्चा राहतो. वर पाणी साचलं तर ते ओतून द्या, तळाला बसलेला पांढरा साका मात्र परत कालवा, पकड त्याचीच असते. मग अंडं, पीठ आणि अगदी शेवटी मीठ. मीठ आधी पडलं तर बटाटा पाणी सोडत राहतो आणि दर पाच मिनिटांनी पीठ पातळ होतं. किसलेला बटाटा हवेने करडा पडतो. तो खराब झालेला नसतो, पण पांढऱ्या ताटात दिसतो वाईट. म्हणून पीठ कालवलं की लगेच पाण्यात सोडायचं.

पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं. चमचा तिरका केला की एकदम ओघळू नये, शेपूट सोडत सावकाश घसरावं. आधी एकच गोळा पाण्यात टाकून बघा. विरघळला तर आणखी दोन चमचे पीठ घाला. चावताना घट्ट लागला तर थोडं दूध घाला.

हलुश्कार पातेल्यावर धरा, वर एक पळीभर पीठ घाला आणि सपाट उलथण्याने झटपट घासून खाली पाडा. चाळणी वाफेवर तशीच ठेवून दुसऱ्या कामाला लागलात तर भोकांतलं पीठ तिथेच शिजतं आणि सगळं बुजतं. प्रत्येक घाण्यानंतर ती थंड पाण्यात बुचकळा. हलुश्कार नसेल तर जुनी पद्धत: ओल्या लाकडी पाटावर पीठ पसरा, पाट पातेल्यावर तिरका धरा आणि ओल्या सुरीच्या पाठीने छोटे तुकडे पाण्यात ढकला. तुकडे थोडे मोठे होतात, चवीत फरक पडत नाही, आणि पाहुण्यांनाही हे काम करून बघायला आवडतं.

एका घाण्यात पाव भागापेक्षा जास्त पीठ सोडू नका. जास्त सोडलं तर पाण्याची उकळी मोडते आणि गोळे एकमेकांना चिकटतात. तळाला बसले तर एकदा हलकेच ढवळा. वर तरंगले की आणखी दोन-तीन मिनिटं, मग झाऱ्याने काढा. पाणी निथळवत थांबायची गरज नाही, आणि थंड पाण्याने धुवायचं तर मुळीच नाही. वरचा स्टार्चच ब्रिंड्झाला धरून ठेवतो.

मोठ्या वाडग्यात ब्रिंड्झा कुस्करा, त्यात हलुश्की शिजलेलं पाणी तीन-चार चमचे घालून साय होईल असं फेटा, मग गरम हलुश्की त्यात घोळवा. गॅसवर नाही. ब्रिंड्झा आचेवर ठेवली की दाणे धरते, तेल सोडते आणि तिचा आंबट-तिखट स्वाद जातो. वर स्लानिनाचे तुकडे आणि चमचाभर सुटलेली चरबी. ताटं आधी ओव्हनमध्ये कोमट करून ठेवा, कारण थंड ताटात हलुश्की पाच मिनिटांत चिकटून ढेकूळ होतात. सगळे बसल्यावरच शेवटचा घाणा काढा. खरं तर सहापेक्षा जास्त माणसं असतील तर घरगुती शेगडीवर हा पदार्थ जमत नाही. मोठ्या घोळक्यासाठी कपुस्तनित्साच बरी.

ब्रिंड्झा मिळालीच नाही तर मेंढीच्या दुधाचं फेटा चीज १५० ग्रॅम, साधं क्रीम चीज ७० ग्रॅम, आंबट साय तीन मोठे चमचे, एकत्र घोटून घ्या. फेटा चीज आधी अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून खारटपणा कमी करा आणि पिठातलं मीठ निम्मं करा. जवळ जातं, तेच होत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्याला मात्र कळत नाही. पोलंडच्या डोंगराळ भागातली ब्रिंड्झा मिळाली तर या मिश्रणापेक्षा ती केव्हाही सरस.

सोबत प्यायला डोंगरातल्या मेंढपाळांकडे झिंचित्सा असते, चीज करताना उरलेल्या मेंढीच्या दुधाच्या पाण्याची. बाहेर तिच्याऐवजी गार केफिर किंवा आंबट ताक द्या. चरबीवर तोच उतारा आहे.

डुक्कर न खाणारे पाहुणे असतील तर स्लानिना वेगळ्या वाटीत ठेवा आणि त्यांच्यासाठी लोण्यात खमंग परतलेला कांदा. कट्टर शाकाहारी असतील तर आधीच सांगा की ब्रिंड्झाचं मूळ चीज बहुधा रेनेटने, म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजलेलं असतं. त्यांच्यासाठी तेच हलुश्की कांद्यासोबत परतलेल्या आंबट कोबीत घोळवा. या पदार्थाचं नाव स्त्रापाच्की, आणि तो तिकडे रोजच्या जेवणातला आहे.

कपुस्तनित्सा, सहा-आठ जणांसाठी

आंबवलेला कोबी ६०० ग्रॅम, धुरी दिलेलं डुकराचं मांस ५०० ग्रॅम, क्लोबासा सॉसेज ३०० ग्रॅम, वाळवलेले मशरूम २५ ग्रॅम, सुके आलुबुखारे आठ-दहा, दोन कांदे, दोन लसूण पाकळ्या, गोड पाप्रिका एक मोठा चमचा, दोन तमालपत्रं, चार दाणे ऑलस्पाइस, थोडा मार्जोराम, दोन लिटर पाणी, आंबट साय २०० मिली.

बरणी घेताना घटकांची यादी वाचा. कोबी आणि मीठ एवढंच हवं. व्हिनेगर आणि साखर घातलेला कोबी नुसता आंबट लागतो, सूपाला खोली येत नाही. फार आंबट वाटला तर हलका पिळून त्याचं पाणी बाजूला ठेवा, धुऊन टाकू नका. शेवटी चव बघून ते पाणी परत घालता येतं.

मशरूम दोन तास भिजवा. ते पाणी तळाची माती सोडून सूपात जातं. मांस तासभर मंद उकळवा आणि त्या पाण्याची चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका, धुरीच्या मांसात ते भरपूर असतं. दुसऱ्या पातेल्यात कांदा परता, गॅस बंद करा, मग पाप्रिका घाला, दहा सेकंद हलवा आणि लगेच मांसासकट त्याचं पाणी ओता. पाप्रिकेत साखर असते, ती तापल्या तेलात क्षणात जळते आणि कडवटपणा मग कशानेही जात नाही. आता कातरीने आखूड केलेला कोबी, मशरूम आणि मसाले घालून पाऊण तास. क्लोबासाचे काप, आलुबुखारे, लसूण आणि मार्जोराम शेवटच्या वीस मिनिटांत.

बटाटे घालायचे असतील तर वेगळे उकडून घाला. आंबट पाण्यात बटाटा तासभर शिजवला तरी कडक राहतो. साय दुसऱ्या दिवशी गरम करतानाच: चमचाभर पीठ तिच्यात कालवा, दोन पळ्या गरम सूप घालून सैल करा, मग पातेल्यात ओता. थेट ओतली की फाटते.

शाकाहारी मंडळींसाठी मांसाशिवाय केलेली कपुस्तनित्सा ही तडजोड समजू नका. नाताळच्या आदल्या संध्याकाळी उपास पाळणाऱ्या कॅथलिक घरांत ती मशरूम आणि आलुबुखाऱ्यावरच होते.

लोक्शे

१ किलो बटाटे आदल्या रात्री सालासकट उकडून गार करा, म्हणजे ते पाणी पीत नाहीत आणि स्टार्च घट्ट बसतो. सकाळी सोलून पुरणयंत्रातून काढा, ३०० ग्रॅम पीठ आणि चमचाभर मीठ घालून झटपट मळा आणि लगेच लाटा. हे पीठ मुरायला ठेवलं तर चिकट होतं. दोन मिलिमीटर जाड, ताटलीएवढी. कोरड्या लोखंडी तव्यावर, तेल न लावता, तपकिरी डाग येईपर्यंत दोन्ही बाजू भाजा. नॉनस्टिक पॅन रिकामं इतकं तापवू नये, यजमानांचं असेल तर नाहीच. प्रत्येक लोक्शेनंतर तव्यावरचं पीठ कोरड्या फडक्याने पुसा. ते जळून धूर होतो आणि फ्लॅटमधला अलार्म वाजायला लागतो. उतरवली की लगेच बदकाची किंवा हंसाची चरबी नाहीतर लोणी लावून एकावर एक रचा आणि झाका, नाहीतर कडक होतात. ब्रातिस्लाव्हाजवळच्या स्लोवेन्स्की ग्रोब गावात भाजलेल्या हंसासोबत याच वाढतात. मुलांसाठी आत १०० ग्रॅम दळलेली निळसर खसखस आणि ६० ग्रॅम पिठीसाखर. खसखस कॉफी ग्राइंडरमध्ये ऐनवेळी दळा, मोठ्या मिक्सरमध्ये ती नुसती उडते, आणि आधी दळून नेली तर खवट होते.

उरलेले हलुश्की मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. सकाळी स्लानिनाच्या चरबीत परता, कडा कुरकुरीत होऊ द्या. उरलेली ब्रिंड्झा १२५ ग्रॅम असेल तर ६० ग्रॅम मऊ लोणी आणि अर्धा चमचा पाप्रिका घालून फेटा आणि यजमानांच्या फ्रिजमध्ये झाकून ठेवा. पावाला लावून दोन-तीन दिवस खाता येते, फक्त बारीक चिरलेली कांद्याची पात खातानाच घालावी, आधी घातली तर दुसऱ्या दिवशी वास उग्र होतो.