रक्तदाब मोजण्यापूर्वीची पाच मिनिटे
रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तो वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा. मात्र उन्हातान्हात नागपूरच्या सीताबर्डी बाजाराची गर्दी पार करून, दवाखान्याचा जिना चढून लगेच दंडाला पट्टा बांधून घेतला, तर आकडा फसवा येऊ शकतो. अर्धा तास आधीपासून चहा आणि तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, बाही वर सारून पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात हृदयाच्या पातळीत टेबलावर ठेवावा. मोजताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा घरी सरासरी १३५/८५ आणि त्याहून अधिक आकडा येत राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, सोबत साखर व कोलेस्टेरॉलही तपासावे.

तंबाखूत खर्राही आलाच. पन्नीत घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याचा धूर होत नाही, म्हणून तो निरुपद्रवी मानणारे नागपुरात पुष्कळ भेटतात. परंतु निकोटीन तोंडातूनही रक्तात उतरते आणि नाडी व रक्तदाब दोन्ही वाढवते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की घामामुळे काहींचा रक्तदाब उतरतो. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता नोंदवही डॉक्टरांना दाखवावी. छातीत दडपण येऊन घाम फुटला किंवा कळ जबडा अथवा हातात गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणत न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.