इगतपुरी ते येवला: किरणोत्सर्ग मोजायला निघण्याआधी

शनिवारी पहाटे निघायचं आहे, म्हणून शुक्रवारी रात्रीच गायगर काउंटरमध्ये (किरणोत्सर्गाचा प्रत्येक कण टिपून टिकटिक करणाऱ्या यंत्रात) नवे सेल घाला आणि तो तासभर अंगणात चालू ठेवा. आमचा काउंटर मिनिटाला साधारण २० वेळा टिकटिक करतो. तासाला १२०० मोजले गेले, तर त्यात ३५ इकडेतिकडे, म्हणजे ३ टक्के. एकच मिनिट मोजलं तर २० मध्ये ४-५ इकडेतिकडे, म्हणजे जवळजवळ पाव. म्हणून प्रत्येक ठिकाणी पुरता तास बसायचं. सतरंजी, टोपी आणि भरपूर पाणी घ्या.

यंत्र सगळीकडे जमिनीपासून १ मीटरवरच हवं, त्यासाठी लाकडी तिवई घ्या. जागा मात्र पायाखाली बघून निवडा. नाशिकच्या काळ्या बेसाल्ट खडकात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ही किरणोत्सर्ग करणारी मूलद्रव्यं कमी असतात, ग्रॅनाइटमध्ये जास्त. आमच्या स्वयंपाकघरातल्या लालसर ग्रॅनाइटच्या ओट्यावर काउंटर ठेवला, की टिकटिक दाट झालेली कानालाच कळते. तेव्हा देवळाच्या नव्या फरशीवर किंवा भिंतीला लागून मोजू नका. निफाडला द्राक्षबागेत न बसता पडीक जमिनीत बसा, कारण बागेत वर्षानुवर्षं पालाश पडलेलं असतं आणि पालाश म्हटलं की पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा किरणोत्सर्गी प्रकार) आलंच. ब्रह्मगिरीवर गेलात तर उंची नक्की टिपा, वर जावं तसे अवकाशातून येणारे किरण वाढतात.

वहीत पावसासाठी वेगळा रकाना आखा. सर आली की हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून तयार झालेले कण पाण्याबरोबर खाली उतरतात आणि आकडा चढतो. त्यांचं अर्धायुष्य (निम्मे कण संपायला लागणारा वेळ) अर्ध्या तासाच्याही आत असल्याने पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत तो पुन्हा खाली येतो. तो चढलेला आकडा बघून ‘अणुस्फोटाची धूळ आली’ असा मेसेज कुणीही पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती. लोक खरंच घाबरतात.

अणुचाचण्यांची धूळ मातीत आहे, पण ती या काउंटरने वेगळी ओळखता येत नाही. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला. तोवर पडलेल्या धुळीतल्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे आज त्यातला जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे. ही धूळ मुख्यतः पावसाबरोबर उतरली. इगतपुरीत धो धो पाऊस आणि येवल्यात तुटपुंजा, म्हणून तर ही दोन टोकं निवडली. नांगरटीत माती वरखाली होते, तेव्हा कधीच न नांगरलेला तुकडा शोधा आणि मालकाची परवानगी आधीच फोन करून घ्या. वनखात्याच्या हद्दीत फावडं लावायचं नाही.

मातीसाठी लोखंडी नळी, हातोडा, फूटपट्टी आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या लागतील. सीझियम बहुतेक वरच्या थरातच राहतो, म्हणून ५-५ सेंटिमीटरचे चार थर वेगळे भरा. गॅमा वर्णपटमापकावर (गॅमा किरणांची ऊर्जा वेगवेगळी मोजणाऱ्या यंत्रावर) प्रयोगशाळेत ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढ्या ऊर्जेला त्याची खूण शोधतील. चिठ्ठी पिशवीच्या आत टाका आणि बाहेरही मार्करने गाव, थर, तारीख लिहा. ओल्या मातीने नुसती आतली चिठ्ठी विरघळते.